यूएसबीने छोटा बोर्ड संगणकाला जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या आणि पॉलिटेक्निकच्या मुलांबरोबर बसलो की सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे "सर, बोर्ड गेला." मी हातात घेतलेले असे बहुतेक बोर्ड गेलेले नव्हते. संगणक आणि बोर्ड यांच्यामध्ये केबल, यूएसबीची चिप, ड्रायव्हर (त्या चिपशी कसं बोलायचं ते संगणकाला सांगणारं सॉफ्टवेअर), पोर्ट, परवानगी, प्रोग्राम अशी साखळी असते आणि तिची एकच कडी सुटलेली असते. कोणती, ते शोधायचं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकत बसलं तर दिवस जातो आणि कारण कळत नाही.

बोर्ड म्हणजे संगणकावर लिहिलेला प्रोग्राम घेऊन दिवे, सेन्सर, मोटारी चालवणारं छोटं सर्किट. उदाहरणं आर्डुइनो उनो आणि नॅनो, ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय पिको यांची घेतली आहेत, कारण आपल्याकडे मुलांच्या हातात हेच बोर्ड येतात. लिनक्सच्या आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती छोट्या रोमन अक्षरांत, सलग टंकायची.

बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसतच नाही. असं कसं?

आधी केबल बदला. आणखी काहीही करण्याआधी.

यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्ट येतात, काळी म्हणजे ग्राउंड, आणि हिरव्या-पांढऱ्या जोडीवरून माहिती ये-जा करते. स्वस्त पॉवर बँक, ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर यांच्याबरोबर येणाऱ्या कित्येक केबलींत ही हिरवी-पांढरी जोडी घातलेलीच नसते. चार्जिंगपुरत्या लाल आणि काळी या दोनच तारा. अशी केबल लावली की बोर्डाला वीज मिळते, दिवा लागतो, आधी टाकलेला प्रोग्रामही चालतो. संगणकाला मात्र पलीकडे कुणी आहे याचा पत्ताच लागत नाही. दिवा लागला म्हणजे ५ व्होल्ट पोचले, त्याहून जास्त काही नाही.

हे तोंडी सांगून मुलांना पटत नाही, म्हणून मी एकदा त्यांच्यासमोर अशी केबल ब्लेडने सोलली. वरचं काळं रबर निघालं, आत पांढऱ्या दोऱ्याचा पुंजका, आणि त्यात केसाएवढ्या पातळ दोन तारा. मग चांगली केबल सोलली. चार तारा, भोवती चकचकीत पन्नी आणि तिच्यावर तारांची जाळी. दोन्ही तुकडे आजही आमच्या फळ्याशेजारी टाचलेले आहेत.

केबल न सोलता तपासायची असेल तर तीच केबल मोबाइलला लावून मोबाइल संगणकाला जोडा. मोबाइल 'फाइल ट्रान्सफर' विचारायला लागला तर केबल चांगली. नुसतं चार्जिंग सुरू झालं तर ती केबल चार्जरकडे परत पाठवा. (नॅनोला मिनी आणि उनोला चौकोनी टोक लागतं, ते मोबाइलला बसत नाही. तिथे दुसऱ्या चालू बोर्डावर लावून पाहावं.) पारखलेल्या केबलला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. आमच्या डब्यातल्या डेटा केबलींना पिवळी पट्टी असते, आणि पट्टी नसलेल्या केबलला बोर्डाजवळ कुणी हात लावत नाही.

आठवीतल्या एका मुलीचा बोर्ड 'खराब' म्हणून काही महिने खोक्यात पडून होता. तिने तो परत आणला तेव्हा आम्ही फक्त पिवळ्या पट्टीची केबल लावली. ब्लिंक या सरावाच्या पहिल्या प्रोग्रामचा दिवा मिचकायला लागला आणि ती कितीतरी वेळ काही न बोलता त्याच्याकडे बघत राहिली. दोन तारा कमी असलेल्या केबलपायी एखादं मूल या विषयातून कायमचं उठून जाऊ शकतं. हे पान लिहायला घेतलं ते त्यामुळेच.

संगणकाला बोर्ड दिसतोय की नाही, हे नेमकं कुठे बघायचं?

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि उघडाच ठेवा. आता बोर्ड लावा, काढा, पुन्हा लावा. प्रत्येक वेळी यादी थोडी हलते. बोर्ड लावल्यावर जी ओळ नव्याने उगवते आणि काढल्यावर जाते, तीच आपली. ती 'पोर्ट्स'खाली आली आणि पुढे कॉम३, कॉम५ असं काही दिसलं तर अर्धी लढाई जिंकलात. 'अदर डिव्हाइसेस'खाली पिवळ्या त्रिकोणासह आली तर बोर्ड दिसतोय, पण ड्रायव्हर नाही. 'अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं आलं तर संगणकाने "तू कोण?" असं विचारलं, पण उत्तर नीट पोचलं नाही. अशा वेळी ड्रायव्हर शोधत बसू नका. केबल, सैल झालेली खाच, यूएसबी हब यांच्याकडे बघा. हब काढून थेट लॅपटॉपला लावल्यावर हा संदेश गेल्याचं मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

लिनक्सवर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा बोर्ड लावण्याआधी आणि नंतर द्या, आणि दोन याद्यांतला फरक बघा. 'डीमेसेज'ची शेवटची काही वाक्यं वाचली तर गोष्ट आणखी उलगडते. बोर्ड आला, कोणती चिप आहे, तिला कोणत्या पोर्टचं नाव दिलं, सगळं तिथे ओळीने लिहिलेलं असतं. वेगळी यूएसबी-सिरियल चिप असेल तर नाव 'टीटीवाययूएसबी०' असं मिळतं. अस्सल उनो किंवा पिको असेल तर 'टीटीवायएसीएम०'. मुलं यूएसबी शोधत बसतात आणि एसीएम समोर असून त्यांना दिसत नाही, म्हणून ही दोन्ही नावं लक्षात ठेवा.

यादीत काहीच हललं नाही, तर वरचा केबलचा प्रश्न पुन्हा वाचा.

ड्रायव्हर कोणता टाकायचा?

ड्रायव्हर बोर्डाचा नसतो, बोर्डावरच्या यूएसबी चिपचा असतो. उनोवरचा मुख्य मायक्रोकंट्रोलर, म्हणजे आपला प्रोग्राम चालवणारी चिप, एटीमेगा३२८पी आहे आणि त्याला यूएसबी मुळीच येत नाही. त्याला येते ती जुनी सिरियल भाषा: एका तारेवर बोलायचं, एका तारेवर ऐकायचं. म्हणून त्याच्याशेजारी एक दुभाषी चिप बसवलेली असते. ती संगणकाशी यूएसबीत बोलते आणि मायक्रोकंट्रोलरशी सिरियलमध्ये. ड्रायव्हर हवा तो या दुभाष्याचा.

अस्सल उनो आर३ वर हे काम एटीमेगा१६यू२ करतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक उनो-नॅनोंवर सीएच३४० असते. ईएसपी३२ च्या बोर्डांवर सीपी२१०२ किंवा पुन्हा सीएच३४०. जुन्या अस्सल नॅनोवर एफटी२३२आरएल. चिपवरची अक्षरं नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत. टॉर्चचा उजेड आडवा, अगदी बाजूने टाका आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघा. अक्षरं एकदम उठून दिसतात.

काही चिपांवर अक्षरंच नसतात. तेव्हा चिपलाच विचारायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ओळीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथे 'व्हीआयडी'पुढची चार अक्षरं म्हणजे बनवणाऱ्याचा क्रमांक. १ए८६ असेल तर सीएच३४० चे निर्माते, १०सी४ म्हणजे सिलिकॉन लॅब्ज, अर्थात सीपी२१०२. ०४०३ म्हणजे एफटीडीआय, २३४१ म्हणजे आर्डुइनो, २ई८ए म्हणजे रास्पबेरी पाय. लिनक्सच्या 'एलएसयूएसबी'मध्ये हेच आकडे थेट दिसतात.

ड्रायव्हर चिप बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या पानांवरून काहीही उतरवू नका, शाळेच्या संगणकावर तर मुळीच नको. लिनक्सच्या कर्नलमध्ये या सगळ्यांचे ड्रायव्हर आधीपासून आहेत. विंडोज १० पासून पुढे अस्सल उनो आणि पिको यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. शाळेत संगणकाचा पासवर्ड दुसऱ्याच कुणाकडे असेल आणि तो मिळायला आठवडा लागत असेल, तर हा मुद्दा बोर्ड विकत घेण्याआधीच लक्षात घ्यावा.

क्लोन बोर्ड घेतला म्हणून हा त्रास होतोय का?

क्लोन म्हणजे मूळ आराखड्यावरून दुसऱ्या कुणी बनवलेला बोर्ड. या शब्दाने मुलांना उगाच अपराधी वाटायला नको. आर्डुइनोची सुरुवात २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी झाली, आणि बोर्डाचे आराखडे त्यांनी मुद्दाम खुले ठेवले. त्यावरून कुणीही बोर्ड बनवावा, ही परवानगी आहेच. राखून ठेवलं आहे ते नाव आणि चिन्ह. त्यामुळे दुसऱ्या नावाने विकलेला उनोसारखा बोर्ड हा प्रामाणिक माल आहे. त्यावरची सीएच३४० सुद्धा कुणाची नक्कल नाही, एका चिनी कंपनीची स्वतःची चिप आहे.

बनावट चिप ही वेगळी गोष्ट. आत भलताच ऐवज आणि वर दुसऱ्या कंपनीचं नाव छापलेलं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआयचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने बनावट चिपांचा उत्पादन-क्रमांक शून्य करून टाकला. रातोरात लोकांचे चालते बोर्ड संगणकाला ओळखू येईनासे झाले. ज्यांनी अजाणता घेतले होते तेच भरडले गेले. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला.

म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत बोर्ड घेताना "यूएसबीची चिप कोणती?" एवढं जरूर विचारा. दुकानदाराला माहीत असतं, आणि विचारणाऱ्याला तो खोक्यातून नीट बघून माल काढून देतो.

लिनक्सवर पोर्ट दिसतो, पण 'परमिशन डिनाइड' येतं.

सिरियल पोर्ट वापरायची मुभा एका ठरावीक गटाला असते. डेबियन आणि उबुंटूवर त्या गटाचं नाव 'डायलआउट', आर्च लिनक्सवर 'यूयूसीपी'. आपलं खातं त्या गटात घाला आणि लॉगआउट करून पुन्हा आत या. ही दुसरी पायरी सगळे विसरतात आणि गटात घालूनही चालत नाही म्हणतात. सगळं काही 'सुडो'ने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवायची सवय मुलांना लावू नका.

उबुंटू २२.०४ वर एक विचित्र गोष्ट घडते. सीएच३४० चा बोर्ड लावला की पोर्ट क्षणभर येतो आणि नाहीसा होतो. 'डीमेसेज' वाचलं तर 'बीआरएलटीटीवाय' हे नाव सापडतं. दृष्टिहीन वापरकर्त्यांची ब्रेल उपकरणं चालवणारं हे सॉफ्टवेअर आहे. एका ब्रेल उपकरणाचा यूएसबी क्रमांक आणि सीएच३४० चा क्रमांक एकच, त्यामुळे ते आपला नॅनो ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतं. त्या संगणकावर ब्रेल उपकरण कुणीच वापरत नसेल तर ते काढून टाका. कुणी वापरत असेल तर मात्र काढू नका; त्याच्या नियमांच्या फायलीतली १ए८६ ने सुरू होणारी तेवढी नोंद बंद करा. आपल्या प्रयोगासाठी दुसऱ्याचं वाचणं बंद पडता कामा नये.

'पोर्ट बिझी' म्हणजे?

सिरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामचा असतो. मागे थॉनी (पायथनमध्ये प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) उघडं असेल, दुसऱ्या खिडकीत सिरियल मॉनिटर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणारी खिडकी) चालू असेल, तर ते बंद करा. काहीच उघडं दिसत नसेल तर केबल काढून लावा आणि सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा.

उनो किंवा नॅनोवर अपलोड करताना 'नॉट इन सिंक' येतं आणि दहा वेळा प्रयत्न होऊन थांबतं.

अर्थ असा की पोर्ट उघडला, संगणक बोलला, पण पलीकडच्या बूटलोडरचं, म्हणजे नवा प्रोग्राम उतरवून घेणाऱ्या बोर्डातल्या छोट्या प्रोग्रामचं, उत्तर आलं नाही. तीन कारणं मला सतत भेटतात.

पहिलं, आर्डुइनो आयडीई या प्रोग्राम लिहून बोर्डावर टाकायच्या सॉफ्टवेअरच्या टूल्स मेनूत चुकीचा बोर्ड किंवा चुकीचा पोर्ट निवडलेला. संगणकावर कॉम१ आधीपासून असेल तर मुलं तोच निवडतात.

दुसरं नॅनोचं खास. जुना बूटलोडर ५७६०० च्या वेगाने बोलतो, नवा ११५२०० ने. टूल्समध्ये 'प्रोसेसर' या ओळीत 'ओल्ड बूटलोडर' असा पर्याय आहे, तो निवडून बघा. बाजारातल्या कित्येक नॅनोंमध्ये अजून जुनाच बूटलोडर भरलेला असतो. पाच सेकंदांचं काम आहे, पण ते माहीत नसल्यामुळे नॅनो परत करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

तिसरं कारण शोधायला अवघड, आणि समजलं की फार आवडणारं. उनोच्या ० आणि १ क्रमांकाच्या पिना म्हणजे दुभाषी चिप आणि मायक्रोकंट्रोलर यांच्यातल्याच त्या ऐकण्या-बोलण्याच्या तारा. तिथे एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल लावलं असेल तर एका तारेवर दोघं एकदम बोलायला लागतात आणि कुणाचंच कुणाला कळत नाही. अपलोडपुरती त्या पिनांवरची तार काढा, अपलोड झाल्यावर लावा. त्याहून बरं म्हणजे मॉड्यूल दुसऱ्या दोन पिनांवर न्या आणि 'सॉफ्टवेअर सिरियल' वापरा. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री येणाऱ्या फोनांपैकी निम्मे या एका तारेचे असतात.

ईएसपी३२ वर 'कनेक्टिंग' लिहून येतं, पुढे टिंबं वाढत जातात आणि शेवटी टाइमआउट होतो.

बोर्डावर 'बूट' लिहिलेलं बटण आहे. टिंबं सुरू झाली की ते दाबून धरा आणि 'रायटिंग' दिसलं की सोडा.

आता हे का लागतं ते समजून घ्या. ईएसपी३२ जागा होताना जीपीआयओ० या पिनेकडे बघतो. ती खाली, म्हणजे ग्राउंडला असेल तर तो नवा प्रोग्राम घ्यायला बसतो. वर असेल तर जुनाच प्रोग्राम चालवतो. यूएसबी चिपच्या दोन नियंत्रण तारा आणि दोन छोटे ट्रान्झिस्टर मिळून हे आपोआप घडवतात: चिप रीसेट करायची आणि नेमक्या त्या क्षणी जीपीआयओ० खाली धरायची. काही बोर्डांवर हा मेळ काही क्षणांनी हुकतो. 'ईएन' पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की रीसेट जरा रेंगाळतो आणि मेळ जुळतो. कपॅसिटरचा ऋण पाय ग्राउंडकडे. एकदा डाग देऊन टाका, बटणाची कटकट संपते.

जीपीआयओ०, २ आणि १२ या पिनांवर सेन्सर किंवा रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) लावला असेल तर तो आधी काढा. जागं होण्याच्या क्षणी या पिनांची स्थिती बघितली जाते. १२ ला बाहेरून वर खेचलं तर चिप फ्लॅश मेमरीला ३.३ ऐवजी १.८ व्होल्टवर चालवू बघते आणि बोर्ड उठतच नाही. सर्किट काढल्यावर चालतो, लावल्यावर मरतो, असं होत असेल तर आधी इथे बघा.

पिको लावला, पण कॉम पोर्ट येत नाही.

नवा कोरा पिको पोर्ट म्हणून येत नाही, पेन ड्राइव्ह म्हणून येतो. 'बूटसेल' बटण दाबून धरा, दाबलेलं असतानाच केबल लावा, मग सोडा. 'आरपीआय-आरपी२' नावाची ड्राइव्ह दिसेल. यूएफ२ प्रकारची फाइल तिच्यावर टाकली की ड्राइव्ह आपोआप नाहीशी होते. ते बिघडणं नव्हे, फाइल स्वीकारून बोर्ड नव्याने सुरू झाला. मॅकवर 'डिस्क नीट काढली नाही' असा इशारा येतो, तो इथे सोडून द्यावा. फाइल मायक्रोपायथनची (बोर्डावर चालणाऱ्या पायथन भाषेची) असेल तर यानंतर सिरियल पोर्ट उगवतो आणि थॉनीत तो निवडता येतो.

पिकोची मला आवडणारी बाब म्हणजे बूटसेलचा हा प्रोग्राम चिपच्या आत कायमचा कोरलेला आहे. मुलांनी कसाही चुकीचा कोड टाकला तरी तो पुसला जात नाही. ज्या वर्गात एकेका बोर्डावर तीन-तीन मुलं बसतात तिथे हा मोठा दिलासा आहे.

सिरियल मॉनिटरवर चौकोन आणि उलटे प्रश्नचिन्ह येतात, किंवा काहीच येत नाही.

चौकोन म्हणजे वेग जुळत नाही. प्रोग्राममध्ये ९६०० लिहिलं असेल तर मॉनिटरच्या कोपऱ्यातही ९६०० हवं. ९६०० म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. एका अक्षरामागे सुरुवात आणि शेवट धरून १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ऐकणारा दुसऱ्याच चालीने मोजायला लागला की एका अक्षराचे बिट दुसऱ्यात मिसळतात. ईएसपी३२ चा जुना भाऊ ईएसपी८२६६ जागा होताना ७४८८० या आडनिड्या वेगाने बोलतो, म्हणून ११५२०० वर सुरुवातीच्या एक-दोन ओळी कचऱ्यासारख्या दिसतात. त्या सोडून द्या.

काहीच न येणं हे ईएसपी३२-सी३ आणि एस३ वर जास्त होतं. त्यांच्या चिपमध्येच यूएसबी आहे. टूल्समध्ये 'यूएसबी सीडीसी ऑन बूट' चालू केल्याशिवाय काही बोर्डांवर छापलेला मजकूर वेगळ्या पिनांवर जातो आणि आपण रिकाम्या पडद्याकडे बघत बसतो.

मॉनिटर उघडला की उनोचा प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो.

तो तसाच बनवला आहे. पोर्ट उघडताना संगणक 'डीटीआर' ही तार खाली ओढतो, आणि उनोवर ती ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटला जोडली आहे. त्यामुळेच अपलोड करताना आपल्याला बटण दाबावं लागत नाही. मात्र रात्रभर मोजत बसलेला काउंटर सकाळी मॉनिटर उघडताच शून्यावर येतो. आमचा कुंडीतल्या ओलाव्याचा प्रयोग असाच वाया गेला होता. रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हे थांबतं. नवा प्रोग्राम टाकताना तो काढायला मात्र विसरू नका. आकडे जपायचेच असतील तर ते ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, लिहीत जाणं उत्तम.

मोटर किंवा सर्व्हो लावला की बोर्ड सुटतो आणि पुन्हा जोडला जातो.

विजेची भूक भागत नाही. यूएसबी २.० च्या खाचेतून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० च्या खाचेतून ९००. उनोवर ५०० मिलिअँपिअरचा स्वतः पूर्ववत होणारा फ्यूज आहे. सर्व्हो सुरू होताना क्षणभर जो झटका घेतो त्याने ५ व्होल्ट खाली कोसळतात आणि बोर्ड बंद होऊन चालू होतो. विंडोजचा जोडल्या-काढल्याचा आवाज एकसारखा येत राहतो. माझ्या हातून एकदा तीन सर्व्हो थेट उनोच्या ५ व्होल्टच्या पिनेवर लागले आणि लॅपटॉपची ती खाच मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत बंद राहिली. मोटारींना वेगळी बॅटरी द्या आणि बॅटरीचं ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडा. ग्राउंड एक नसेल तर सिग्नलला अर्थच राहत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. शेतातला पंप किंवा घरातला दिवा रिलेने चालवायचा प्रयोग असेल तर २३० व्होल्टची बाजू जोडलेली असताना बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला लावू नका. प्रोग्राम टाका, केबल काढा, बोर्डाला मोबाइलच्या चार्जरवर चालवा, मग मुख्य वीज. रिलेच्या बोर्डावर एक तार सरकली तर तीच वीज केबलमधून लॅपटॉपला आणि टंकणाऱ्याच्या बोटांना पोचते. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतंच असतं. अशा जोडणीच्या वेळी शेजारी जाणतं माणूस हवंच.

टाइप-सी बोर्ड माझ्या टाइप-सी चार्जरवर चालू होत नाही, जुन्या केबलने होतो.

दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलमध्ये आधी ओळख पटावी लागते. त्यासाठी बोर्डावर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर हवेत. काही स्वस्त बोर्डांवर ते बसवलेलेच नसतात, मग पुरवठा करणारी बाजू वीज सोडतच नाही. अशा बोर्डाला एका बाजूला जुनं चपटं ए टोक असलेली केबल लावा.

घरी संगणक नाही. मोबाइलवरून जमेल?

जमतं. अँड्रॉइड मोबाइलला ओटीजी जोडणी (दुसरं यूएसबी उपकरण मोबाइलला लावायची सोय) असेल तर ओटीजी ॲडॉप्टर लावून बोर्ड थेट मोबाइलला जोडता येतो. सिरियल मॉनिटरसारखी ॲप आहेत, आणि उनोचा प्रोग्राम लिहून मोबाइलवरूनच टाकणारी ॲपही आहेत. बऱ्याच मोबाइलवर सेटिंग्जमध्ये ओटीजी आधी चालू करावं लागतं आणि काही मिनिटं न वापरल्यास ते आपोआप बंद होतं. मोबाइलमधून वीज कमी मिळते, म्हणून मोटारी नकोत. छोट्या पडद्यावर कोड लिहिणं कष्टाचं आहे, पण सेन्सरचं वाचन बघायला, प्रोग्राममधला एखादा आकडा बदलायला ते पुरतं. आमच्याकडची दोन मुलं वर्षभर असंच शिकली.

मग बोर्ड खरंच गेला, असं कधी मानायचं?

दुसरी केबल, दुसरी खाच, दुसरा संगणक, तिन्ही बदलून झालं आणि यादीत ओळ येत नाही, तेव्हा यूएसबीच्या चिपवर संशय घ्या. बोर्डाला हात लावून बघा. एखादी चिप दोन-तीन सेकंदांत चटका देण्याइतकी तापत असेल तर लगेच काढा. आत शॉर्ट आहे.

ओळ येते, पण अपलोड होत नाही, तर उनोवर ही परीक्षा करा. रीसेट पिन तारेने ग्राउंडला जोडा, म्हणजे मुख्य मायक्रोकंट्रोलर झोपून राहील. ० आणि १ या पिना एकमेकींना जोडा. मॉनिटर उघडून काहीही टंका आणि पाठवा. पाठवलेलं तसंच परत आलं तर केबल, ड्रायव्हर, पोर्ट, दुभाषी चिप सगळं ठणठणीत आहे, आणि दोष मुख्य चिपमध्ये किंवा तिच्या बूटलोडरमध्ये आहे. उनोवर ती लांब, पायांची चिप असेल तर ती सॉकेटमधून हळूच उपटून बूटलोडर भरलेली नवी बसवता येते. बूटलोडरच पुसला गेला असेल तर दुसऱ्या उनोला 'आर्डुइनो ॲज आयएसपी' करून, म्हणजे त्यालाच प्रोग्राम भरणारं यंत्र बनवून, तो पुन्हा भरता येतो.

उलट दुभाषी चिप गेली आणि मुख्य चिप जिवंत असेल, तरीही बोर्ड कामाचा आहे. आमच्याकडे असा एक उनो आहे. त्याच्या यूएसबीच्या खाचेवर लाल चिकटपट्टी आहे. प्रोग्राम बदलायचा असला की मुलं त्याला गच्चीवरून खाली आणतात, दुसऱ्या उनोला सहा तारांनी जोडतात, आणि काम झालं की पुन्हा वर नेऊन तापमान मोजायला बसवतात.